घरच्या कॉम्प्युटरवर बिनपासवर्डची खाती : कामाच्या नोंदी

२० एप्रिल २०२५, रविवार

हॉलमधल्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट २२.१ ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून झाली, सिनॅमन डेस्कटॉपची आवृत्ती. यंत्र जुनं आहे, पण एसएसडी आणि ८ जीबी रॅम घातल्यापासून कुरकुर नाही. आतापर्यंत सगळं घर एकाच खात्यावर नांदत होतं. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, हरिपाठाच्या ऑडिओ फाइल, लेकीची चित्रं, मुलाचे गेम आणि माझ्या ऑफिसचे कागद एकाच डेस्कटॉपवर. पासवर्ड सगळ्यांना पाठ. आणि ते खातं ॲडमिनचं, म्हणजे त्याच पासवर्डवर आठ वर्षांची मुलगीसुद्धा सॉफ्टवेअर काढू-घालू शकत होती.

आता प्रत्येकाचं खातं वेगळं करायचं. त्यात आईंच्या खात्याला पासवर्ड नको, हे आधीच पक्कं आहे. त्यांचं वय ७४. बोटं थरथरतात. टाइप केलेलं अक्षर ठिपका होऊन उमटतं, त्यामुळे एखादं अक्षर दोनदा पडलं तरी कळायला मार्ग नाही. त्यात कीबोर्ड मराठी इन्स्क्रिप्टवर राहिला असेल तर पासवर्डची बटणं बरोबर दाबूनही यंत्र नकारच देतं. मग स्वयंपाकघरात हाक येते, "अगं, हे पुन्हा नाही म्हणतंय." तिकडे म्हापशाहून नणंद व्हिडिओ कॉलची वाट बघत बसलेली असते. ज्या खात्यात अभंग, ई-पेपर आणि लेकीशी गप्पा एवढंच आहे, तिथे पासवर्ड कोणापासून काय राखतो?

माझ्या लेकीचंही तेच. तिच्या खात्यात टक्स पेंट हा चित्रांचा प्रोग्रॅम आणि जीकॉम्प्रिस हे मुलांचे शैक्षणिक खेळ. मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्याला विचारूनच ठरवेन. ह्यांच्या आणि माझ्या खात्याला पासवर्ड राहील. ॲडमिन मी एकटी.

२१ एप्रिल

ह्यांचं म्हणणं, "सगळ्यांना १२३४ ठेव आणि मोकळी हो." मला ते पटत नाही. सोपा पासवर्ड म्हणजे टाइप करायची कटकट तेवढीच आणि राखण शून्य. लिनक्स जिच्या धर्तीवर बनलं ती युनिक्स प्रणाली घडवणाऱ्यांनी हे फार पूर्वी मोजून बघितलंय. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये लिहिलेल्या लेखात ३,२८९ खऱ्या पासवर्डांची तपासणी आहे. त्यांतले ८६ टक्के एकतर फार आखूड होते, नाहीतर नावं आणि शब्दकोशातले शब्द. माणसाला नको असलेला पासवर्ड त्याच्या गळ्यात बांधला की तो असाच निघतो. शिवाय सुडोसाठी, म्हणजे ॲडमिनचे हक्क वापरून कमांड चालवण्यासाठी, त्यातलाच एखादा पासवर्ड चालला, तर सगळं यंत्रच उघडं पडलं.

दुसरीकडे, पासवर्ड हवाच असं काही अटळ नव्हतं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या सीटीएसएस प्रणालीवर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पासवर्ड आले आणि त्याच संस्थेतल्या आयटीएस प्रणालीवर पुढे कितीतरी काळ पासवर्ड नव्हतेच. एकमेकांवर विश्वास असलेली माणसं एक यंत्र वाटून वापरत होती. पुढे तिथल्या दुसऱ्या एका प्रयोगशाळेच्या यंत्रावर पासवर्ड बसवले गेले, तेव्हा तिथल्याच रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरने लोकांना पासवर्ड रिकामा ठेवायचा आग्रह धरला होता. आपलं घर आयटीएससारखं आहे, पण यंत्र इंटरनेटला जोडलेलं आहे. म्हणून त्या लोकांचा मोकळेपणा घ्यायचा, पण तो फक्त कॉम्प्युटरच्या समोर येऊन बसलेल्या माणसाला द्यायचा. या कामाचं सूत्र एवढंच.

२६ एप्रिल, शनिवार

आज 'चाचणी' नावाचं खातं करून दोन पद्धती शेजारी-शेजारी तपासल्या. नेटवर बहुतेक ठिकाणी पहिलीच पद्धत सांगतात, म्हणून सविस्तर लिहून ठेवते.

पहिली पद्धत म्हणजे पासवर्ड पुसून टाकणं. पासडब्ल्यूडी ही कमांड 'वजा डी' लावून चालवली की झालं. आत काय होतं ते बघण्यासारखं आहे. खात्याची माहिती दोन फाइलींत असते. ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधल्या पासडब्ल्यूडी फाइलमध्ये प्रत्येक खात्याची एक ओळ, कोलन चिन्हांनी तोडलेले सात रकाने. त्यातल्या दुसऱ्या रकान्यात आता फक्त 'एक्स' हे अक्षर असतं, कारण ही फाइल कोणीही वाचू शकतं. खरा पासवर्ड, म्हणजे त्याचा हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड उलगडता येत नाही असं गणिती रूप), शॅडो फाइलच्या दुसऱ्या रकान्यात असतो आणि ती फाइल सामान्य खात्याला वाचता येत नाही. माझ्या खात्याच्या ओळीत तिथे डॉलरचं चिन्ह, वाय, पुन्हा डॉलर आणि पुढे लांबलचक अक्षरं आहेत. ही येसक्रिप्ट पद्धत. 'चाचणी'च्या ओळीत पासवर्ड पुसल्यावर दोन कोलन चिन्हं एकमेकांना चिकटली. मध्ये काहीच नाही.

पासडब्ल्यूडी 'वजा कॅपिटल एस' लावून विचारलं की हीच स्थिती 'एनपी' अशी दिसते, म्हणजे पासवर्ड नाही. चालू पासवर्ड असेल तर 'पी', बंद असेल तर 'एल'.

मग कंट्रोल, आल्ट आणि एफ३ दाबून काळ्या टर्मिनलवर गेले. खात्याचं नाव टाइप करून एंटर मारलं, आणि पासवर्डची ओळ आलीच नाही, थेट आत. परत ग्राफिकल सत्रात येऊन दुसऱ्या साध्या खात्यातून 'एसयू चाचणी' (एसयू म्हणजे दुसऱ्या खात्यात शिरायची कमांड) असं चालवलं, तिथेही विनाप्रश्न प्रवेश. कारण पॅम म्हणजे लॉगिनची ओळख तपासणारी व्यवस्था, तिच्या कॉमन-ऑथ या फाइलमध्ये पॅम-युनिक्सच्या ओळीवर 'नलओके' हा रिकामा पासवर्ड चालवून घेणारा पर्याय लावलेला आहे आणि बाकीचे बरेच प्रोग्रॅम हीच फाइल आत ओढून घेतात. नेटवर्कवरून लॉगिन देणारा एसएसएच सर्व्हर मात्र मुळातच रिकामा पासवर्ड मान्य करत नाही. तसं करायचं असेल तर 'परमिट एम्प्टी पासवर्ड्स' मुद्दाम चालू करावं लागतं. म्हणजे बाहेरचं एक दार बंद आहे, पण यंत्राच्या आतली जवळजवळ सगळी दारं सताड उघडी. एखाद्या खात्यात काही वावगं चालू झालं, तर तिथून पुसलेल्या पासवर्डच्या प्रत्येक खात्यात उडी मारता येईल.

दुसरी पद्धत याच्या उलट. खातं करतानाच 'ॲडयूजर'ला 'डिसेबल्ड पासवर्ड' हा पर्याय द्यायचा. मग शॅडोच्या रकान्यात तारा किंवा उद्गारचिन्ह पडतं. कुठल्याही पासवर्डाचा हॅश एकट्या ताऱ्याएवढा होऊच शकत नाही, त्यामुळे काहीही टाइप केलं तरी ते जुळणार नाही. एसयूने प्रवेश नाही, काळ्या टर्मिनलवरून नाही, कुठूनच नाही. त्यानंतर फक्त लॉगिनच्या पडद्याला सांगायचं की या खात्याला विचारू नकोस. समोरच्या दाराची कडी काढायची आणि बाकी दारांना कुलूप, असं.

दुसरीच करायची. 'चाचणी' हे खातं होम फोल्डरसकट काढून टाकलं.

२७ एप्रिल, रविवार

मिंटवर लॉगिनचा पडदा लाइटडीएम सांभाळतो. त्याची पॅम फाइल ईटीसीमधल्या पॅम-डॉट-डी फोल्डरमध्ये 'लाइटडीएम' याच नावाने आहे. ती उघडून वाचली, बदलली काहीच नाही, कारण हवी ती ओळ आधीपासून आहे. 'ऑथ', मग 'सफिशियंट', मग पॅम-सक्सीड-इफ आणि शेवटी अट : वापरणारा 'नोपासडब्ल्यूडीलॉगिन' या गटात असेल तर. 'सफिशियंट' म्हणजे एवढी अट पुरली की खालच्या कॉमन-ऑथपर्यंत जायचंच नाही, म्हणजे पासवर्डचा प्रश्न उद्भवतच नाही. ओळींचा क्रम महत्त्वाचा. ही ओळ कॉमन-ऑथच्या खाली गेली तर पासवर्ड आधी विचारला जाईल आणि मग तिचा काही उपयोग उरणार नाही.

डेबियन आणि उबुंटूवर जीडीएम हा लॉगिनच्या पडद्याचा दुसरा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी हीच ओळ 'जीडीएम-पासवर्ड' या फाइलमध्ये आहे का ते बघावं. आर्च लिनक्सवर लाइटडीएम असेल तर गट आणि ओळ दोन्ही हाताने घालावी लागतात.

आपोआप लॉगिनचाही विचार केला होता. लाइटडीएमच्या सेटिंगमध्ये एकाच खात्याचं नाव दिलं की यंत्र सुरू होताच ते खातं उघडतं. एकट्या माणसाला ते उत्तम. आमच्याकडे चौघंपाचजण, मग दर वेळी आधी कोणाच्या तरी खात्यातून बाहेर पडायचं आलं. चेहरा निवडून एंटर, हे आईंनाही सोपं जाईल.

एक इशारा : इन्स्टॉल करताना होम फोल्डर एन्क्रिप्ट केला असेल तर ही युक्ती त्या खात्याला लागू होत नाही. तो फोल्डर लॉगिनच्या पासवर्डनेच उघडतो. पासवर्ड दिलाच नाही तर यंत्र आत घेईल, पण फोल्डर कुलूपबंद. मी तो पर्याय घेतलेला नाही.

१ मे, महाराष्ट्र दिन

सुट्टी होती, खाती केली. लॉगिन नाव रोमन लहान अक्षरांतच ठेवलं, त्यात प्रयोग नको. पण पडद्यावर दिसणारं पूर्ण नाव हा वेगळा रकाना आहे आणि तिथे देवनागरी बिनदिक्कत चालते. 'यूजरमॉड'ला 'वजा सी' लावून 'आजी' असं नाव दिलं. लेकीला स्वतःचं नाव मराठीत हवं होतं, ते दिलं. मग 'जीपासडब्ल्यूडी'ने दोन्ही खाती नोपासडब्ल्यूडीलॉगिन गटात घातली.

चित्रासाठी प्रत्येकीच्या खात्याला फोटो. आईंनी स्वतःचा नको म्हटलं, देव्हाऱ्यातल्या विठोबाचा लावला.

तपासणी. दोन्ही खाती सुडो गटात नाहीत. सुडोला 'वजा एल, वजा कॅपिटल यू' लावून विचारलं, उत्तर आलं की या वापरकर्त्याला या यंत्रावर सुडो चालवायची परवानगी नाही. होम फोल्डरांचे हक्क ७५०, म्हणजे एकीचा फोल्डर दुसरीला उघडत नाही. उबुंटूत हा बदल २१.०४ पासून आहे आणि मिंटला तो तिथूनच आलाय. त्याआधीच्या काळातली जुनी खाती पुढे ओढत आणली असतील तर हे हाताने तपासून घ्यायला हवं, तेव्हा ७५५ असायचे.

संध्याकाळी आई बसल्या. बाणाच्या बटणाने खाली आल्या, विठोबा दिसला, एंटर. डेस्कटॉप उघडला तेव्हा त्या खुर्चीत मागे टेकून म्हणाल्या, "एवढंच?" एवढंच. त्यांनी स्वतःहून म्हापशाला कॉल लावला आणि पाऊण तास बोलल्या.

४ मे, रविवार

लॉगिननंतरच्या तीन गोष्टी आज निस्तरल्या. खाती चालू केल्यावर पहिल्या आठवड्यातच त्या समोर येतात.

पहिली, स्क्रीन लॉक. सिनॅमनचा स्क्रीनसेव्हर लाइटडीएमला विचारत नाही, त्याची स्वतःची पॅम फाइल आहे आणि ती थेट कॉमन-ऑथकडे जाते. नोपासडब्ल्यूडीलॉगिन गट तिच्या गावीही नाही. आता खात्याला पासवर्डच नाही, शॅडोत तारा आहे, तेव्हा पडदा लॉक झाला की काहीही टाइप करा, उत्तर चूकच. ज्येष्ठ माणूस पाणी प्यायला उठला आणि परत येऊन अशा पडद्यासमोर अडकला तर सगळा खटाटोप वाया. म्हणून त्या दोन्ही खात्यांत शिरून स्क्रीनसेव्हरच्या सेटिंगमधलं लॉक बंद केलं. सस्पेंडनंतर लॉक करायचा वेगळा पर्याय असतो, तोही बंद. आणि कंट्रोल-आल्ट-एल दाबून चुकून लॉक होऊ नये म्हणून 'जीसेटिंग्ज'ने लॉकडाउन गटातला 'डिसेबल लॉक स्क्रीन' चालू केला. पडदा काळा होतो, माउस हलवला की परत येतो.

डीकॉन्फ या सेटिंग साठवणाऱ्या यंत्रणेतून हेच सगळ्या यंत्राला एका फटक्यात लावता येतं. मी ते टाळलं. तसं केलं तर माझ्या आणि ह्यांच्या खात्याचं लॉकही जाईल, आणि ते मला हवंच आहे. दोन खाती हाताने करायला किती वेळ लागतो?

दुसरी, कीरिंग, म्हणजे पासवर्ड साठवायची पेटी. क्रोमियम उघडला की 'नवीन कीरिंगसाठी पासवर्ड निवडा' अशी खिडकी येते. एरवी लॉगिनचा पासवर्डच कीरिंग उघडतो, इथे तो नाहीच, म्हणून ती माणसाला विचारते. जागा रिकामी ठेवून पुढे गेलं की पुन्हा विचारत नाही, मात्र मग तिच्यात साठवलेलं सगळं एन्क्रिप्ट न होता डिस्कवर पडतं. आईंच्या खात्यात मी क्रोमियम ठेवलाच नाही. फायरफॉक्स स्वतःचे पासवर्ड स्वतःच सांभाळतो, कीरिंगला हात लावत नाही, त्यामुळे खिडकीच येत नाही. बिनपासवर्डच्या खात्यात ब्राउझरने बँकेचा पासवर्ड लक्षात ठेवू नये, हे वेगळं सांगायला नको. तरी सेटिंगमधून पासवर्ड साठवायचा प्रश्नच बंद करून टाकला.

तिसरी, वायफाय. लेकीच्या खात्यात नेट येईना. मी माझ्या खात्यातून जोडणी केली होती आणि ती फक्त माझ्यापुरती साठली होती. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीच्या 'जनरल' भागात 'सर्व वापरकर्त्यांना जोडू द्या' असा चौकोन असतो, त्यावर खूण केली. आता वायफायचा पासवर्ड नेटवर्कमॅनेजरच्या सिस्टिम फोल्डरमध्ये आहे. तो फक्त रूटला, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याला, वाचता येतो, आणि यंत्र सुरू होताच नेट जोडलेलं असतं. आईंना आता वायफायचं चिन्हसुद्धा बघावं लागत नाही.

११ मे, रविवार

मुलाशी बोलले. त्याला पासवर्ड हवा आहे, स्वतःचा, जो मलाही माहीत नसेल. "तू माझी वही वाचत नाहीस ना, मग हे पण नको वाचूस." बरोबर आहे त्याचं. त्याचं खातं नेहमीसारखं, पासवर्ड त्याने स्वतः टाकला, मी खुर्चीवरून उठून बाजूला झाले. ॲडमिन म्हणून मला तो बदलता येतो हे त्याला सांगितलं, आणि विचारल्याशिवाय बदलणार नाही हेही सांगितलं.

त्यानेच एक नेमका प्रश्न काढला : छोटीच्या गेमवर वेळेची मर्यादा लावलीस, आणि ती आजीच्या खात्यात जाऊन बसली तर? बसू शकते. पासवर्ड नाही म्हणजे समोर आलेल्या कोणालाही नाही, त्यात आठ वर्षांची नात आलीच. तांत्रिक उपाय म्हणजे आजीच्या खात्यालाही तीच मर्यादा, आणि ते मला मान्य नाही. गेम आईंच्या खात्यातून दिसणार नाहीत एवढं करता येईल, तेही केलं नाही. यंत्र हॉलमध्ये आहे, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. लेकीला समजावून सांगितलं आहे.

आता जे राखायचं आहे त्याबद्दल. बिनपासवर्डच्या खात्यामुळे चोराचं काम सोपं होतं का? यंत्र हातात पडलं तर पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स सुरू करून डिस्कवरचं सगळं वाचता येतं, लॉगिनला पासवर्ड असो वा नसो. त्याला खरा अडसर पूर्ण डिस्क एन्क्रिप्शनचा. पण ते घातलं की यंत्र सुरू करताना दर वेळी लांब पासफ्रेज टाइप करावी लागते, म्हणजे आई पुन्हा होत्या तिथेच. म्हणून उलटं केलं : यंत्रावर जपण्यासारखं काही ठेवायचं नाही. आधारचे स्कॅन, आयकराचे कागद, घराची कागदपत्रं एका पेनड्राइव्हवर हलवली. 'डिस्क्स' या प्रोग्रॅममधून तो एलयूकेएस या डिस्क एन्क्रिप्शनच्या पद्धतीने एन्क्रिप्ट केला, त्याची पासफ्रेज लांबलचक मराठी वाक्याची. तशीच दुसरी प्रत बहिणीकडे. लॅपटॉप असता तर हा निर्णय वेगळा असता. जी वस्तू पिशवीत घालून एसटीतून फिरते, तिची डिस्क एन्क्रिप्ट केलेलीच हवी, मग त्यावर बिनपासवर्डची खाती असोत किंवा नसोत.

एसएसएच सर्व्हर यंत्रावर नाही. 'एसएस' कमांडने ऐकणारे पोर्ट पाहिले, बाहेरून लॉगिन घेईल असं काही नाही. उद्या मी एसएसएच टाकलंच, तरी या दोन खात्यांत त्यातून शिरता येणार नाही, कारण शॅडोत तारा आहे आणि किल्लीची फाइल नाही. पुसलेला पासवर्ड न वापरल्याचा हा फायदा.

१८ मे, रविवार

सुट्टीमुळे वरच्या मजल्यावरची मुलं दुपारभर आमच्याकडे. त्यांना लेकीच्या खात्यात बसवलं की तिची चित्रं इकडची तिकडे होतात, मग रडारड. लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये 'वापरकर्ते' या भागात पाहुण्यांचं सत्र चालू केलं. त्यालाही पासवर्ड नाही आणि बाहेर पडलं की आतलं सगळं पुसलं जातं. मुलांना आधीच सांगितलं की इथे काढलेलं चित्र राहत नाही. ज्याला ठेवायचं असेल त्याने मला सांगायचं, मी पेनड्राइव्हवर घेऊन देईन.

घरच्या फोटोंसाठी सामायिक फोल्डरही केला. 'घर' नावाचा गट, सगळे त्यात, फोल्डरवर सेटजीआयडी, म्हणजे आत नव्याने तयार झालेली प्रत्येक फाइल आपोआप त्याच गटाची. आई आता म्हापशाच्या नातवाचे फोटो स्वतः उघडतात.

१५ जून, रविवार

शाळा सुरू व्हायच्या आधी एकदा सगळं तपासून घेतलं. अपडेट माझ्या खात्यातून ऑटोमेशनला लावले आहेत, त्यामुळे आई आणि लेकीसमोर पासवर्डची खिडकी येत नाही. आलीच तर ती माझा पासवर्ड मागते, त्यांचा नाही, आणि त्या ती बंद करतात. लाइटडीएमच्या पॅकेजचं अपडेट आलं की त्याची पॅम फाइल एकदा उघडून बघायची, ओळ जागेवर आहे ना. आज आहे.

शॅडोतली स्थितीही पाहिली. आजी 'एल', लेक 'एल', बाकी तिघं 'पी'. 'एनपी' एकही नाही.

लेकीने विचारलं, दादासारखा पासवर्ड मला कधी? तिला म्हटलं, ज्या दिवशी तुला या खात्यात काहीतरी फक्त स्वतःचं ठेवावंसं वाटेल त्या दिवशी सांग. कमांड दोनच आहेत : एक तिला गटातून काढायची, दुसरी पासवर्ड ठेवायची. स्क्रीन लॉक तेवढं परत चालू करावं लागेल, तेही इथे लिहून ठेवते.